निवेदक वेडा आहे, हे वाचकाला कोण सांगतं?

आधी तुम्ही पाठवलेल्या गूढकथेचा शेवटचा परिच्छेद काढून टाका. डॉक्टर फाईल मिटतात, नर्स विचारते ‘झोपले का हो ते?’, आणि सगळी कथा मनोरुग्णालयातल्या खाटेवरून सांगितली जात होती हे वाचकाला कळतं, तो परिच्छेद. दिवाळी अंकांसाठी येणाऱ्या गूढकथा मी बरीच वर्षं वाचतो आहे. शेवटच्या पानावर ‘फाईल’ हा शब्द दिसला की माझा हात आपोआप पुढच्या पाकिटाकडे जातो. तुमच्या कथेचा खरा घोटाळा मात्र शेवटात नाही, पहिल्या दोन पानांत आहे. शेवटावर तो फक्त उघडा पडतो.

कथा अशी. नाशिकच्या भद्रकालीजवळचा पडायला आलेला वाडा. सांगणारा पुतण्या. दम्याने आजारी असलेले काका झोपेत गेले, दहावं झालं, तरी माजघराच्या भिंतीतल्या बळदातून, म्हणजे धान्य साठवायच्या पोकळीतून, त्यांचा खोकला ऐकू येतो. पुतण्या पुन्हापुन्हा बजावतो की मी वेडा नाही. तुमच्या वाचनगटातल्या निम्म्यांना पहिल्याच पानावर ‘हा वेडा’ असं कळलं आणि त्यांचा रस संपला. उरलेल्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. तुम्ही विचारता की वाचकाला किती कळू द्यायचं आणि कधी.

‘कधी’ची चिंता सोडा. वाचकाला ते कशावरून कळणार, ते आधी ठरवा. निवेदक खोटं बोलतोय, चुकतोय की खरं सांगतोय हे तपासायला वाचकाच्या हातात एखादी मोजपट्टी हवी, आणि ती निवेदकानेच, नकळत, त्याच्या हातात ठेवलेली हवी. तुमच्या कथेत अशी एकही मोजपट्टी नाही. आहेत ते थरथरणारे हात, तीन तीन टिंबं आणि ‘हा हा हा’. त्यावरून वेड दिसतं, पण वाचकाला तपासायला काही मिळत नाही.

‘मी वेडा नाही’ हे पालुपद बहुतेक जण एडगर ॲलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’मधून उचलतात. कथा जानेवारी १८४३ मध्ये छापून आली. लोक वाक्य उचलतात आणि युक्ती तिथेच ठेवून येतात. पोचा निवेदक शहाणपणाचा पुरावा म्हणून काय देतो ते पहा. ज्याचा तो पुढे खून करतो त्या म्हाताऱ्याच्या खोलीचं दार तो सात रात्री, रोज मध्यरात्री, किलकिलं करायचा. नुसतं डोकं आत घालायला तासभर लावायचा. वेड्याला इतकी सावधगिरी जमली असती का, असं तो आपल्यालाच विचारतो. तर्क चोख आहे. हे सगळं कशासाठी, तर म्हाताऱ्याच्या एका डोळ्यावर पातळ पडदा आहे आणि तो डोळा आपल्याकडे बघतो म्हणून. पाया वाकडा आणि वरची भिंत ओळंब्यात, असं बांधकाम आहे ते. तुमचा पुतण्या उलट करतो. तो पहिल्या वाक्यापासून विस्कळीत बोलतो, म्हणून त्याच्याशी वाद घालावासाच वाटत नाही.

त्याच कथेतली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. खुनाच्या आधी निवेदकाला म्हाताऱ्याच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. त्या आवाजाला तो म्हणतो, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा. शेवटी पोलीस समोर बसलेत, प्रेत फळ्यांखाली आहे, आणि आवाज पुन्हा येतो तेव्हा तो जवळजवळ शब्दशः तीच उपमा वापरतो. तिथे वाचकाच्या मनात येतं की पहिल्या वेळी तरी तो आवाज म्हाताऱ्याचा होता का? की दोन्ही वेळा याचंच काळीज धडधडत होतं? पो यातलं काहीही म्हणत नाही. शिवाय भिंतीतल्या लाकूडकिड्यांची टकटक आपण रात्रीमागून रात्री ऐकत बसायचो, हे निवेदकाने मध्येच, भलत्याच संदर्भात सांगून टाकलेलं असतं. म्हणजे एका आवाजाला तीन उगम झाले, आणि तिन्ही त्याच्याच तोंडून आलेले.

आता तुमचा खोकला घ्या. काका जिवंत असताना, कथेच्या पहिल्या चतुर्थांशात, तो एकदा अगदी साध्या शब्दांत लिहा: दोन कोरडे ठसके, मग छातीतली बारीक शीळ. भीती नको, विशेषणं नकोत. काका गेल्यावर बळदातून येतो तोही तोच, दोन ठसके आणि शीळ. आणि तिसऱ्यांदा, पुतण्या कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेत असताना टपरीवाला सहज विचारतो, ‘खोकला गेला नाही का अजून तुमचा?’ पुतण्या म्हणतो, या टपरीवाल्याला माणसं ओळखायची अक्कल नाही. आणि कथा पुढे जाते. थांबू नका, खुलासा करू नका. ज्याला पकडायचं तो पकडेल. ज्याच्या हातून सुटलं, त्याला दुसऱ्या वाचनात सापडेल.

यापेक्षा वेगळी आणि माझ्या मते जास्त अवघड रीत शार्लट पर्किन्स गिलमनच्या ‘द यलो वॉलपेपर’मध्ये आहे. ही कथा जानेवारी १८९२ मध्ये आली. गिलमनला स्वतःला १८८७ साली डॉ. सायलस विअर मिचेल यांच्याकडे ‘विश्रांती उपचार’ घ्यावे लागले होते: पडून राहा, डोकं वापरू नका, लेखणीला हात लावू नका. कथेतली बाई सुरुवातीला वेडी नाही आणि ती खोटंही बोलत नाही. तिला जे दिसतं ते ती नेमकं सांगते, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावते. तिला ठेवलेल्या खोलीच्या खिडक्यांना गज आहेत, म्हणजे इथे पूर्वी लहान मुलं राहत असतील. भिंतींत कड्या आहेत, म्हणजे मुलांची व्यायामाची खोली असेल. पलंग जमिनीला खिळलेला आहे. वाचक तिच्या आधी ओळखतो की ही खोली माणूस डांबून ठेवण्यासारखी आहे. पुढे भिंतीच्या खालच्या बाजूला, खोलीभर फिरलेला एक घासल्याचा पट्टा तिला दिसतो आणि हे कुणी केलं असेल याचं तिला कुतूहल वाटतं. शेवटी ती जमिनीवरून सरपटत भिंतीकडेने फिरते तेव्हा तिचा खांदा त्या पट्ट्यात बरोबर बसतो.

तुमच्या वाड्यात अशा वस्तू भरपूर आहेत आणि तुम्ही त्या नुसत्या सजावटीला वापरल्यात. दिंडी दरवाजा, कडीपाट, माळा, कोनाडे यांची यादी दीड पान चालते. यादी खोडा आणि एकच वस्तू ठेवा, जिचा पुतण्या निरागस अर्थ लावतो. देवघराच्या दाराला कडी बाहेरून आहे. तो म्हणतो, मांजर शिरू नये म्हणून काकू असताना बसवली होती. पुढे केव्हातरी कळू दे की रात्री तो स्वतः देवघरात झोपतो. मग कडी कोण लावतं? हा प्रश्न वाचकाला पडू दे. पुतण्याला तो पडत नाही, हीच भीतीची जागा आहे.

एक नमुना लिहून दाखवतो, सूर कसा ठेवायचा याचा.

‘काकांना रात्री दोनदा पाणी लागायचं. एकदा अकराला, एकदा तीनला. तांब्या मी उशाशी ठेवत असे, वर फुलपात्र उपडं. फुलपात्र घासलेलं नसेल तर ते पाणी पीत नसत, म्हणून मी ते रोज चिंच लावून घासायचो. त्या रात्री तीनला मी उठलो नाही, कारण उठायचं कारण नव्हतं. सकाळी सहाला चहा घेऊन गेलो तेव्हा कळलं.’

सहाला कळलं, तर तीनला ‘कारण नव्हतं’ हे त्याला कसं माहीत? आवाज चढलेला नाही, उद्गारचिन्ह नाही, फुलपात्राच्या चिंचेपर्यंत सगळं जागच्या जागी आहे. गुन्हा एका उपवाक्यात सांडला आणि तो पुढे निघून गेला. वेड्या निवेदकाला तपशिलाचा सोस असतो, असं बरेच जण मानतात. मला मात्र वाटतं की सोस तपशिलाचा नसून क्रमाचा असतो. क्रम एका जागी चुकला की पुरे.

मराठीने तुम्हाला इथे एक सोय करून ठेवली आहे, ती वापरा. ‘मी उशी उचलली. दिवा विझला. काकांचा हात खाली आला.’ पहिल्या वाक्यात ‘मी’ आहे, पुढच्या दोन वाक्यांतून तो निघून गेला आणि व्याकरणाला काही खुपलं नाही. दिवा विझला की विझवला, हात खाली आला की आणला, हे विचारायची सोयच राहिली नाही. ही चलाखी कथाभर पसरू नका. मी चहा केला, मी लाईट बिल भरलं, मी पायऱ्या धुतल्या असा ठणठणीत ‘मी’ सगळीकडे असू दे आणि दोष जिथे आहे नेमका तिथेच तो नाहीसा होऊ दे. तसंच आदरार्थीचं. काका आले, काका बसले, ते म्हणाले असं चाललेलं असताना एकदाच, बेसावधपणे, ‘तो माझ्याकडे बघत होता’ लिहा आणि पुढच्या वाक्यात परत ‘काकांनी’वर या. मुद्रितशोधक ती चूक समजून दुरुस्त करेल, तेवढी काळजी घ्या. समासात तशी नोंद करून पाठवायची.

आता स्थळाकडे. नाशिक तुम्ही निवडलंत, पण कथा पैठणला किंवा वाईला उचलून नेली तरी काही बिघडणार नाही, आणि ही उधळपट्टी आहे. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हा आकडा बातमीत येतो. घरोघरी विचारतात ते एवढंच, की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं? पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा. ही शब्दशः मोजपट्टी आहे आणि ती गावातल्या प्रत्येकाला वाचता येते. काकांचा मृत्यू पुराच्या रात्री ठेवा. पुतण्या सांगतो: मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं होतं, सराफ बाजारात पाणी शिरलं होतं, आणि मी धावत रामकुंडाच्या घाटावरून पंचवटीत डॉक्टरांकडे गेलो. नाशिककर वाचक इथेच थबकेल, कारण गळ्याला पाणी असताना तो घाट उरतच नाही. बाहेरगावच्या वाचकासाठी दोन पानं आधी दूधवाल्याच्या तोंडी टाकून ठेवा: ‘छातीला पाणी गेलं की घाट विसरायचा, होळकर पुलावरनं वळसा.’ पुतण्या डॉक्टरांकडे गेलाच नव्हता हे तुम्हाला कुठेही लिहावं लागत नाही. वर्ष घालणार असाल तर मात्र जपून. १९६९ चा महापूर आणि २००८ चा पूर लोकांच्या आठवणीत आहेत. तारीख, वेळ, पाणी कुठवर होतं, सगळं विचारतील. साल न घालणंच बरं.

आणि वाडा. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. मालक आणि भाडेकरू यांचे दावे वर्षानुवर्षं चाललेले असतात, म्हणून वाडा ना उतरवला जातो ना दुरुस्त होतो, आणि एखाद्या पावसात भिंत बसते. तुमच्या कथेत नोटीस एका ओळीत येऊन जाते. मी तिला कथेचा कणा करेन. सध्या वाचकापुढे दोनच शक्यता आहेत: वाड्यात काका खरोखर आहेत, किंवा पुतण्या वेडा आहे. नोटीस, बिल्डरची माणसं आणि सही द्यायला नकार देणारे काका आले की तिसरी शक्यता उभी राहते. पुतण्याला पैसे हवे होते आणि वेड हे त्याचं पांघरूण आहे. दोन शक्यतांमध्ये वाचक नाणं उडवतो. तीन असल्या की त्याला विचार करावा लागतो.

इथून एक प्रश्न निघतो जो तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही: पुतण्या हे सगळं कुणाला सांगतोय? पोने ते मोकळं सोडलं. ‘टेल-टेल हार्ट’ आली त्याच महिन्यात लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधानांच्या सचिवावर, एडवर्ड ड्रमंडवर, गोळी झाडली. मॅकनॉटन वेडेपणाच्या मुद्द्यावर सुटला आणि त्यातून १८४३ मध्येच ते प्रसिद्ध नियम आले: आपण काय करतोय आणि ते गैर आहे हे आरोपीला कळत होतं का? आपल्या दंडसंहितेतलं कलम ८४ त्याच विचारातून आलेलं, आता ते भारतीय न्याय संहितेत कलम २२ आहे. तुमचा पुतण्या वकिलाशी बोलत असेल, तर ‘मी वेडा नाही’ हे वाक्य त्याच्या तोट्याचं आहे. तरी तो ते म्हणतो, म्हणजे त्याला फाशीपेक्षा वेडा ठरण्याची लाज जास्त आहे. आणि तो वेड पांघरत असेल तर तो हळूच उलट बोलेल: ‘लोक म्हणतात मला भास होतात. असतीलही.’ हे वाक्य पोच्या निवेदकाच्या ओरडण्यापेक्षा मला जास्त घाबरवतं. ऐकणारा ठरवा, कथेत त्याचं नाव घेऊ नका, सूर आपोआप बदलेल.

संदिग्धता टिकवायची म्हणजे सगळंच धूसर ठेवायचं, असा एक समज आहे. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’वर (१८९८) इतकी वर्षं वाद चाललाय. १९३४ साली एडमंड विल्सन या समीक्षकाने भुतं ती गोष्ट सांगणाऱ्या, मुलांना सांभाळणाऱ्या गव्हर्नेसच्या मनातलीच आहेत, असं ठामपणे मांडलं आणि त्या वादाला धार आली. तो मिटत नाही कारण जेम्सने दोन्ही बाजूंना एकेक कठीण पुरावा दिलाय. गव्हर्नेसने कधीही न पाहिलेल्या माणसाचं वर्णन केल्यावर घरातली जुनी कारभारीण त्याला ओळखते. आणि पुढे तळ्याकाठी गव्हर्नेस बोट दाखवून सांगते तेव्हा त्याच कारभारणीला काहीही दिसत नाही. तुमच्या कथेत वेडाच्या बाजूचे पुरावे ढीगभर आहेत आणि काकांच्या बाजूचा एकही नाही. एक द्या. आपल्याकडे नारायण धारपांच्या कथांवर वाढलेला वाचक मोठा आहे, आणि त्या कथांत अमानवी शक्ती बहुतेकदा खरीच असते. तो वाचक भूत मानायला तयार होऊनच येतो. त्याला अगदीच उपाशी ठेवू नका.

शेवटाकडे येतो. मनोरुग्णालयाची चौकट कुणी वापरूच नये असं नाही. फ्रेंच कथाकार मोपासाँने ‘ल ओर्ला’ ही कथा दोनदा लिहिली. १८८६ च्या पहिल्या रूपात डॉक्टर आपल्या रुग्णाला सहकाऱ्यांपुढे आणतो, रुग्ण हकिकत सांगतो, आणि शेवटी डॉक्टर म्हणतो की हा वेडा आहे की आपण दोघेही वेडे आहोत, की माणसाची जागा घेणारा कुणी खरंच आलाय, मला ठाऊक नाही. म्हणजे फाईल मिटायला बसवलेला माणूसच ती मिटू शकत नाही. तरीही पुढच्या वर्षी मोपासाँने चौकट काढून टाकली आणि नुसती रोजनिशी ठेवली. त्या रोजनिशीतला निवेदक अदृश्य पाहुण्याला जाळण्यासाठी स्वतःचं घर पेटवतो, दाराला कुलपं घालतो, दूर उभा राहून बघतो, आणि आत नोकरमाणसं आहेत हे त्याला आगीत किंकाळ्या ऐकू आल्यावर आठवतं. कुठल्याही डॉक्टरच्या निदानापेक्षा ते विसरणं भारी आहे. निदानाबद्दल जाता जाता आणखी एक: आजाराचं नाव घालू नका. खरे मनोरुग्ण बहुतांशी कुणाचा जीव घेत नाहीत, आणि लेखकाने नाव घातलं की कथा एका माणसाची न राहता त्या आजाराच्या सगळ्या माणसांवर आळ घेते.

मग शेवट कुठे करायचा? सामान तुमच्याच मसुद्यात, दहाव्याच्या दोन ओळींत पडलेलं आहे. रामकुंडावर पिंड ठेवलाय, कावळा शिवत नाही. आता ही एकट्याच्या कानातली गोष्ट नाही, सगळ्यांना दिसते आहे. आणि बाकीच्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. आत्या म्हणते, ‘काही राहिलं असेल मनात, सांग की वाडा सांभाळीन म्हणून.’ कुणी म्हणतं, कावळेच कमी झालेत हल्ली. गुरुजींना पुढे आणखी दोन ठिकाणी जायचंय, ते दर्भाचा कावळा करायला घेतात. पोच्या कथेत पोलीस हसतखेळत गप्पा मारतात आणि निवेदकाला वाटतं हे मुद्दाम छळतायत. इथे तेच काम हे घाईतले गुरुजी करतील. पुतण्या एकेक वचन देत सुटतो. वाडा सांभाळीन. सही करणार नाही. तांब्या भरून ठेवीन. आणि मग, कावळ्याने शिवावं म्हणून, सगळ्यांसमोर एक वाक्य बोलतो जे फक्त त्या रात्री तीनला जागा असलेल्यालाच माहीत असणार. ते वाक्य कोणतं ते तुम्ही शोधा. त्यानंतर कावळा शिवतो की नाही, हे मी तरी लिहिणार नाही. लिहायचंच ठरवलंत तर त्याने शिवावं, म्हणजे काकांच्या बाजूचा तो एक पुरावाही भरून निघेल.

यासाठी दहावं आत्ता पान तीनवर आहे ते उचलून शेवटाला न्यावं लागेल, आणि बळदातला खोकला मधल्या नऊ रात्रींत बसवावा लागेल. सुतकातला वाडा, दाराशी येऊन जाणारे नातेवाईक, रात्री एकटा पुतण्या, यात तो उलट चांगला बसतो. कथा आत्ता साडेसहा हजार शब्दांची आहे, ती चार हजारांपर्यंत आणा. असा आवाज फार वेळ ऐकवत नाही. पुढचा खर्डा दोघांना द्या, एक नाशिकचा आणि एक बाहेरचा. ‘आवडली का’ विचारू नका. काका किती वाजता गेले, एवढंच विचारा. दोघांनी सहा सांगितलं तर फुलपात्राचा परिच्छेद पुन्हा लिहायला घ्या.